ओंडक्यांच्या घरांचे खोरे

१८९४ साली नॉर्वेतल्या लिलेहामर गावात दोन गोष्टी घडल्या. राजधानीकडून वाढत आलेला लोहमार्ग गावापर्यंत पोहोचला, आणि आंदेर्स सांडविग या दंतवैद्यांनी खोऱ्यातले एक जुने लाकडी घर विकत घेऊन आपल्या बागेत आणून उभे केले.

सांडविग मूळचे पश्चिम किनाऱ्यावरचे. जन्म १८६२चा. क्षयाने ग्रासल्यामुळे कोरडी हवा मानवेल म्हणून १८८५ साली ते लिलेहामरला आले आणि तिथलेच झाले. गावाच्या उत्तरेला गुडब्रान्सडालचे लांबलचक खोरे पसरले आहे. शेतकऱ्यांचे दात पाहायला ते या खोऱ्यात फिरत आणि घराघरांतली कोरीव कपाटे, रंगवलेल्या पेट्या, विणकामाची हत्यारे पाहत. काळ पालटत होता. तरुण मंडळी अमेरिकेची वाट धरत होती. १८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन माणसे देश सोडून गेली. जुन्या वस्तू व्यापाऱ्यांच्या हाती जात होत्या आणि जुनी घरे सरपणाच्या भावाने मोडली जात होती. १८८७ पासून सांडविग यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आले की नुसते कपाट वाचवून भागत नाही. ते ज्या भिंतीला टेकून उभे होते ती भिंतही वाचली पाहिजे. म्हणून त्यांनी घरच उचलून आणले. त्यामागून आणखी घरे आली. अखेर बाग अपुरी पडली, गावाने तो संग्रह आपल्याकडे घेतला आणि १९०४ साली गावाबाहेरच्या टेकडीवर माइहाउगन हे खुले संग्रहालय सुरू झाले.

आज तिथे सुमारे दोनशे इमारती आहेत. ऑस्लोहून आगगाडीने दोन-सव्वादोन तासांत लिलेहामर येते. वाटेत बराच वेळ म्योसा हे नॉर्वेतले सर्वांत मोठे सरोवर सोबत करते. १९९४च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे या गावाचे नाव जगाला कळले. उताराकडे पाहिले की स्की-उडीचे उंच मनोरे अजून दिसतात. स्टेशनपासून चढण चढत माइहाउगनला चालत जाता येते. मी गेलो तो ओंडक्यांची घरे पाहायला, आणि एक प्रश्न घेऊन गेलो होतो: एवढे मोठे घर उचलून दुसरीकडे न्यायचे तरी कसे?

उत्तर घराच्या कोपऱ्यात सापडते.

आपल्या वाड्यात छताचा भार खांब आणि तुळया पेलतात. भिंत हा त्यांच्यामधला आडोसा. ओंडक्यांच्या घरात खांब नसतोच. आडवे ओंडके एकावर एक रचत जायचे, आणि कोपऱ्यात दोन बाजूंचे ओंडके एकमेकांना छेदून जातील तिथे दोघांनाही खाच पाडायची. खाच वरून थोडी, खालून थोडी. तिच्या कडा तिरप्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे लाकूड वाळून आकसले, की सांधा सैल होण्याऐवजी वरच्या भाराने आणखी घट्ट बसतो. ओंडक्यांची टोके कोपऱ्याबाहेर वीतभर पुढे आलेली दिसतात. ती शोभेची नाहीत; टोक अगदी खाचेपाशी कापले तर लाकूड तिथेच फाटेल. साऱ्या सांध्यात एक खिळा नाही. म्हणून घर हलवायचे असेल तर प्रत्येक ओंडक्यावर खूण करायची, वरून एकेक उतरवत यायचे, बर्फ पडल्यावर घोड्याच्या घसरगाडीवर लादायचे आणि नव्या जागी त्याच क्रमाने रचायचे. नॉर्वेच्या खेड्यांत हे शतकानुशतके चालत आले. घर विकले जाई, वाटणीत मिळे, नदीच्या पुरापासून वर हलवले जाई. सांडविग यांनी नवे असे काही केले नाही. खोऱ्यातल्या सुतारांना जे येत होते त्याचाच त्यांनी उपयोग केला.

दोन ओंडक्यांमधली फट हा दुसरा कसोटीचा प्रश्न. झाडाचे खोड कधी सरळ नसते. त्याला गाठी असतात, फुगवटे असतात, आणि बुंध्याकडून शेंड्याकडे ते निमुळते होत जाते. निमुळतेपणावर उपाय सोपा आहे: एका थराचा बुंधा जिकडे, पुढच्या थराचा शेंडा तिकडे, म्हणजे भिंत समपातळीत चढते. फुगवट्यांसाठी मात्र खास हत्यार लागते. दोन टोकदार पात्यांचा एक चिमटा खालच्या ओंडक्यावरून ओढत न्यायचा; खालच्याचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा वरच्या ओंडक्याच्या कडेवर रेघेने उमटतो. मग ओंडका उलटा करायचा आणि त्या रेघेबरहुकूम पोटाला लांब पन्हळ कोरायची. मध्ये वाळलेले शेवाळ अंथरून तो परत ठेवला, की खालच्याला मिठी मारल्यागत बसतो. माइहाउगनवरच्या ब्योर्नस्टाड या जुन्या शेतघराच्या एका खोलीत मी भिंतीच्या सांध्यावरून नख फिरवून पाहिले. गाठीपाशी खालचा ओंडका जिथे अंगठ्याएवढा वर आला आहे, नेमका तिथेच वरचा तेवढाच आत गेला आहे, आणि त्या वळणातून करड्या शेवाळाचे दोन-चार धागे बाहेर डोकावतात.

या बांधकामाची एक खोड सुताराला आधीच जाणून घ्यावी लागते. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, जाडीत आकसते. आडव्या ओंडक्यांची भिंत म्हणजे जाडीवर जाडी. ती पहिली काही वर्षे हळूहळू खाली बसत राहते. दाराची किंवा खिडकीची चौकट भिंतीत पक्की ठोकली तर भिंत तिच्यावर अडकेल आणि वरच्या थरांत फटी पडतील. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना उभी फळी नुसती खोबणीत बसवतात, ओंडक्यांची टोके तिला धरून खाली सरकू शकतात, आणि चौकटीच्या वर मोकळी जागा सोडतात. पुढे काय होणार आहे ते ओळखून आज सोडलेली ही जागा पाहिली, की या कारागिरांची समज किती खोल होती ते कळते.

भिंत नीट बसावी म्हणून वरून वजन हवे. ते वजन छताने दिले. लांब आडव्या वाशांवर फळ्या, फळ्यांवर भूर्जाच्या सालीचे अनेक थर, आणि त्यावर गवताळ मातीची ढेकळे. पाणी अडवते ती साल. माती सालीला जागेवर दाबून धरते आणि उन्हाथंडीपासून जपते. ढेकळांचा खालचा थर गवत खाली करून ठेवतात, वरचा गवत वर करून, म्हणजे मुळे एकमेकांत गुंततात. ज्या झाडाच्या सालीवर हिमालयात पोथ्या लिहिल्या गेल्या त्याच जातकुळीच्या झाडाच्या सालीने इथे घरे कोरडी ठेवली. अशा छताचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते, हिवाळ्यात बर्फाचे वेगळे. साल काढायची ती वसंताच्या अखेरीपासून, झाडात रस चढलेला असताना. छत घालणे एका घराच्या आवाक्यातले काम नव्हते. शेजारपाजारच्या शेतांवरची माणसे एकत्र येऊन एका दमात ते उरकत, आणि काम झाल्यावर यजमान सगळ्यांना जेवू घालत.

घराचा आकार ठरवला झाडाने. पाईनच्या सरळ खोडाची जितकी लांबी मिळेल तितकी खोलीची भिंत. मोठे घर हवे तर खोल्या जोडाव्या लागत, नाहीतर दुसरे घर बांधावे लागे. त्यात आगीची भीती. म्हणून प्रत्येक कामाला वेगळे छोटे घर उभे राहिले. वोगोच्या परिसरातून आणलेले ब्योर्नस्टाड हे शेत माइहाउगनवर पंचवीसहून अधिक इमारतींसह उभे आहे, आणि ते पाहताना आपण घर नव्हे, एक वस्तीच पाहतो आहोत असे वाटते. त्याची दोन अंगणे आहेत. आतल्या अंगणाभोवती माणसांची घरे: राहते घर, पाहुण्यांचे घर, धान्याचे कोठार, स्वयंपाकाचे घर. बाहेरच्या अंगणाभोवती गोठा, तबेला, मेंढ्यांचा वाडा, गवताचे कोठार. लोहाराची भट्टी सगळ्यांपासून लांब, आगीच्या धाकाने. अशा शेताचे नाव हीच कुटुंबाची ओळख असे. माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला, की त्याचे आडनावही बदले. आडनाव कायमचे ठेवण्याचा कायदा तिथे १९२३ साली आला. गावावरून ‘कर’ लावणाऱ्या मराठी माणसाला हे चटकन कळते.

या सगळ्यांत माझे पाय रेंगाळले ते कोठारापाशी. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, बुटक्या खांबांवर ते उभे असते. खांबांच्या रचनेत रुंद चपटे दगड किंवा बाहेर आलेली लाकडे अशी बसवलेली असतात, की उंदराला उलटे लटकून वर चढता येत नाही. दारापुढची पायरी मुद्दाम हातभर दूर ठेवलेली असते. माणूस पाय टाकून आत जातो, उंदीर जात नाही. आत धान्याच्या कोठ्या, वाळवलेले आणि खारवलेले मांस, आणि पापडासारख्या पातळ, कोरड्या रोट्यांच्या चळती. या रोट्या वर्षातून मोजक्याच वेळा भाजत आणि त्या महिनोन्‌महिने टिकत. घरातली सर्वांत देखणी कोरीव कामे पुष्कळदा याच इमारतीवर दिसतात, आणि किल्ली मालकिणीच्या कमरेला असे. लांबलचक हिवाळ्याच्या देशात वर्षभराचे अन्न जिथे राहते तिथे शेताची प्रतिष्ठाही राहिली.

राहत्या घराचा इतिहास धुराचा आहे. मध्ययुगात खोलीच्या मधोमध, जमिनीवरच दगडांची चूल असे आणि छताला धूर जाण्यासाठी झरोका. थंडी वाढली की झरोक्यावर जनावराच्या आतड्या-पोटाचा पातळ पडदा ताणलेली चौकट काठीने सरकवायची. उजेड येई तो तेवढाच. भिंतींना खिडकी नसे. धूर वर जमून राहणार, म्हणून खोलीवर माळा घालता येत नसे. भिंतींच्या कडेने बाक, एका टोकाला लांब मेज, घरधन्याची मानाची जागा ठरलेली. पुढे धुराड्यासह कोपऱ्यातली दगडी चूल आली आणि सगळे पालटले. धूर बाहेर गेला, काच आली, तक्तपोशी आली, तिच्यावर दुसरा मजला चढला, आणि आजवर काजळीने काळ्या राहिलेल्या भिंतींवर वेलबुट्टी रंगवता येऊ लागली. गुडब्रान्सडालमध्ये या बदलाच्या मधली एक पायरीही टिकून आहे: मुख्य दालन छतापर्यंत उघडे, आणि फक्त प्रवेशाच्या टोकाला वर एक खोली चढवलेली. बाहेरून पाहिले तर एकाच घराला दोन उंचीची छपरे दिसतात.

ही पद्धत नॉर्वेत रुजली ती सुमारे हजार वर्षांपूर्वी. त्याआधीची लांबलचक घरे खांबांच्या रांगांवर उभी असत. देशातली सर्वांत जुनी टिकलेली बिगरधार्मिक लाकडी इमारत म्हणून जिचा मान आहे ती तेलेमार्क प्रांतातल्या एड्सबोर्ग येथे आहे. विंडलाउस शेतावरचे ते दुमजली कोठार ११६७च्या सुमाराचे आहे. हे साल कुठल्या कागदावर लिहिलेले नाही. झाडाचे दरवर्षी एक वलय वाढते; चांगल्या वर्षी जाड, वाईट वर्षी बारीक. या जाड-बारीक वलयांचा क्रम आधी ठाऊक असलेल्या क्रमाशी जुळवला, की झाड कधी पडले ते कळते. १५३७ पूर्वीच्या, म्हणजे तिथे मध्ययुगात मोडणाऱ्या, अशा सुमारे अडीचशे लाकडी इमारती नॉर्वेत उरल्या आहेत. त्यांच्या वयात एक मोठी दरी आहे. १३४९ साली प्लेगची साथ आली, शेते ओस पडली, आणि पुढे दीडशे वर्षांतली बांधकामे फारशी सापडत नाहीत. जी माणसे वाचली त्यांना घरे पुरेशी होती. साथीची भीषणता लाकडाच्या वलयांनीही नोंदवून ठेवली आहे.

शहरांत ओंडक्यांची पुष्कळ घरे टिकली नाहीत, कारण ती जळली. १६२४ साली ऑस्लो जळाल्यावर चौथ्या ख्रिश्चन राजाने शहर हलवून नव्याने वसवले आणि तिथे ओंडक्यांच्या घरांना बंदी केली. माइहाउगन सुरू झाले त्याच १९०४ सालच्या जानेवारीत ओलेसुंड हे बंदर एका रात्रीत भस्मसात झाले. त्यानंतर शहरांच्या मध्यवर्ती भागात दगड-विटांचे बांधकाम सक्तीचे करणारा कायदा झाला. ओंडक्यांचे घर खऱ्या अर्थाने खेड्याचे राहिले. तिथेही पुष्कळ घरांना पुढे बाहेरून फळ्या ठोकून पांढरा रंग दिला गेला, आणि आत चारशे वर्षांचा ओंडका आहे हे दुरुस्ती निघाल्यावरच उघडकीस येते.

लिलेहामरमध्येच आणखी एक ठिकाण चुकवू नये. कादंबरीकार सिग्रिद उंडसेट १९१९ साली इथे राहायला आल्या, त्या एका जुन्या ओंडक्यांच्या घरात. ते त्यांनी १९२१ साली विकत घेतले, खोऱ्यातून आणखी जुने घर आणवून शेजारी उभे केले, आणि या जागेला ब्यर्केबेक नाव दिले. ‘क्रिस्टिन लाव्ह्रान्सदाटर’ ही त्यांची तीन भागांची कादंबरी १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झाली. तिची नायिका चौदाव्या शतकात याच गुडब्रान्सडालमध्ये वाढते. १९२८ साली त्यांना नोबेल मिळाले. १९४० साली जर्मन फौजा आल्या तेव्हा हे घर सोडून त्यांना देशाबाहेर जावे लागले. युद्ध संपल्यावर त्या इथेच परतल्या. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. बुटकी दारे, जाड भिंती, खोल खिडक्या पाहिल्या, की मध्ययुगातले घरगुती जीवन त्यांनी इतके तपशिलाने कसे उभे केले याचे निम्मे उत्तर मिळते.

खोऱ्यात वर एका शेतावर मला काम चाललेले पाहायला मिळाले. कोठाराचा सर्वांत खालचा ओंडका कुजला होता. पहिला मार नेहमी त्यालाच बसतो. जमिनीची ओल तिथे आधी पोहोचते. सुताराने चारी बाजूंना जॅक लावून अख्खी इमारत चार बोटे वर उचलली होती. पूर्ण ओंडका बदलायचा नव्हता. कुजलेला दोन हातांचा तुकडा कापून तेवढाच नवा जोडायचा होता. जोडाचे लाकूड त्याच परिसरातले, हळू वाढलेले पाईन, कारण भरभर वाढलेल्या झाडाची वलये विरळ आणि लाकूड कच्चे. “बाकीचं लाकूड अजून चांगलं आहे, ते मी का काढू?” असे तो म्हणाला आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. नव्या तुकड्यावर तो जुन्यासारखाच पोत आणत होता. मध्ययुगीन ओंडक्यांवर कुऱ्हाडीचे घाव माशाच्या काट्यासारख्या नक्षीत दिसतात. ती तासण्याची रीत मधल्या काळात विसरली गेली होती. गेल्या काही दशकांत कारागिरांनी जुन्या लाकडावरचे घाव वाचून, तशा कुऱ्हाडी घडवून, प्रयोग करत ती परत मिळवली.

माइहाउगनवर फिरताना एक शंका मनात येतच राहते: घर आपल्या मातीतून उपटून टेकडीवर आणले तर ते घर राहते का? गार्मो गावचे लाकडी चर्च इथेच आहे. कादंबरीकार क्नुट हामसुन यांचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला होता. नवे चर्च बांधल्यावर १८८० साली गावाने जुने मोडून त्याचे भाग लिलावात विकले. सांडविग यांनी ते मिळवले आणि १९२१ साली चर्च इथे पुन्हा उभे राहिले. ते आणले नसते तर ते गार्मोत राहिले नसते. कुठल्याही जागी राहिले नसते. जिथे शेत चालू आहे, छत वेळेवर बदलले जाते, खालचा ओंडका कोणी तपासतो, तिथे घर जागेवरच असावे हे खरे. पण जिथे तसे कोणी उरले नाही तिथे सांडविग यांनी केले ते योग्यच केले, असे माझे मत तिथून निघताना पक्के झाले. त्यांना दालनात मांडलेल्या वस्तू नको होत्या; माणसे आत्ताच बाहेर गेली आहेत असे वाटावे अशी घरे हवी होती. १९५० साली ते वारले तोवर तशी डझनावारी घरे उभी राहिली होती.

नॉर्वेला जाणारी मराठी मंडळी बहुधा ऑस्लो, बर्गन आणि फ्योर्ड एवढे पाहून परततात. त्यांनी एक पूर्ण दिवस लिलेहामरला द्यावा, आणि तो उन्हाळ्यात द्यावा. तेव्हा घरे आतून उघडी असतात आणि चुलीवर रोट्या भाजणारी, लोकर कातणारी माणसे तिथे भेटतात. आधी ब्योर्नस्टाड पाहावे, मग गार्मोचे चर्च, आणि दुपारी ब्यर्केबेक. गाडी असेल तर दुसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या लोगन नदीच्या काठाने निघून पुढे वोगोवरून लोमपर्यंत जावे; तिथले बाराव्या शतकातले लाकडी चर्च आजही गावाच्या वापरात आहे. वाटेतली जुनी शेते मात्र लोकांची राहती घरे आहेत, तेव्हा अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे.